अठरा वर्षे पूर्ण झाल्यानंतर : संस्थेत वाढलेल्या मुलांचे प्रौढ आयुष्य

प्रस्तावना

बालगृहातील प्रत्येक मुलाच्या नावापुढे दोन तारखांची नोंद होते, एक दाखल झाल्याची आणि दुसरी संस्थेतून बाहेर पडल्याची. या दोन तारखांच्या मधल्या काळात मुलाला जेवण, कपडे, औषधपाणी आणि शाळा मिळाली की नाही, याचा हिशेब कमीअधिक काटेकोरपणे ठेवला जातो, त्याची तपासणी होते आणि त्यावर अनुदान ठरते. पण ज्या आयुष्याच्या तयारीसाठी हा सारा खटाटोप असतो, ते आयुष्य दुसऱ्या तारखेनंतर सुरू होते आणि तिथून पुढे नोंदवही कोरी राहते. संस्थेत किंवा शासकीय संरक्षणव्यवस्थेच्या देखरेखीखाली वाढलेली मुले वयाच्या पंचविसाव्या, चाळिसाव्या, साठाव्या वर्षी कशी जगतात, त्यांचे आरोग्य, रोजगार, संसार आणि मनःस्वास्थ्य कसे असते, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे. बालसंरक्षणाच्या कोणत्याही व्यवस्थेची खरी परीक्षा तिच्या छताखाली असलेल्या मुलांवरून होत नाही, ते छत सोडून गेलेल्या प्रौढांवरून होते, अशी या विवेचनामागची भूमिका आहे.

विषयात शिरण्यापूर्वी काही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून अंमलात आलेला कायदा अठरा वर्षांखालील मुलांचे दोन वर्ग करतो : ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे अशी 'विधिसंघर्षग्रस्त बालके' आणि ज्यांना घर नाही, ज्यांच्यावर अत्याचार झाला आहे किंवा ज्यांचे पालक त्यांना सांभाळू शकत नाहीत अशी 'काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके'. दुसऱ्या वर्गातील मुलांविषयीचा निर्णय जिल्ह्याची बालकल्याण समिती घेते. मुलाच्या घरची चौकशी परिविक्षा अधिकारी, म्हणजे मुलाच्या परिस्थितीचा अहवाल समितीपुढे किंवा बाल न्याय मंडळापुढे मांडणारा अधिकारी, करतो. आणि संस्थेत ठेवलेल्या मुलाला शासकीय भाषेत 'प्रवेशित' म्हटले जाते. लोकांच्या बोलण्यात मात्र या साऱ्या संस्थांना आजही सरसकट 'रिमांड होम' हेच नाव आहे, आणि आई वारली म्हणून दाखल झालेल्या मुलीलाही त्या नावाचा डाग पुढे वर्षानुवर्षे वागवावा लागतो.

या मुलांविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे ती सगळी अनाथ असतात हा होय. बालगृहांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, कधी दोघेही, हयात असतात. पतीच्या निधनानंतर मोलमजुरी करणाऱ्या आईला तीन मुले पोसता येत नाहीत, म्हणून त्यांपैकी दोन संस्थेत येतात. वडिलांचे दुसरे लग्न होते आणि नव्या घरात पहिल्या बायकोच्या मुलांना जागा उरत नाही. दारू, दीर्घ आजार, तुरुंगवास, ऊसतोडीचे स्थलांतर किंवा कर्जापायी झालेली शेतकरी वडिलांची आत्महत्या, अशा कारणांनी कुटुंब मोडते आणि मूल समितीपुढे उभे राहते. त्यामुळे संस्थेत येणारे मूल कोऱ्या पाटीसारखे येत नाही, हे अभ्यासकाने सतत ध्यानात ठेवावे लागते. प्रौढपणी त्याच्या आयुष्यात जे दिसते त्यातले किती संस्थेत येण्यापूर्वीच्या हालअपेष्टांमुळे आले आणि किती संस्थेमुळे, हा या क्षेत्रातील सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि त्याला बगल देऊन काढलेला कोणताही निष्कर्ष, मग तो संस्थांच्या बाजूचा असो वा विरोधातला, विश्वासार्ह ठरत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे आणि त्याची मुळे दोन अगदी वेगळ्या भूमींत आहेत. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाने उभी राहिलेली सुधारगृहवजा उद्योगशाळा ही शिस्तीच्या विचारातून आली होती : रस्त्यावरच्या, गुन्ह्याकडे वळलेल्या मुलाला काम शिकवावे, घंटेवर उठवावे, रांगेत चालवावे आणि अशा रीतीने त्याला वळण लावावे, हा तो विचार. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, तेव्हा त्यामागे फसवल्या गेलेल्या विधवांविषयीची आणि त्यांच्या पोटच्या जिवांविषयीची कळकळ होती. १८७५ मध्ये पंढरपूरलाही अशाच स्वरूपाचे काम सुरू झाले. पुढे १९०९ मध्ये पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह स्थापन झाले, १९२४ मध्ये मुंबई इलाख्यात मुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि १९२७ पासून मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटीच्या रूपाने शासनाच्या पाठबळावर चालणारी यंत्रणा उभी राहिली, जिची डोंगरी-उमरखाडी आणि मानखुर्द येथील गृहे आजही परिचित आहेत. स्वातंत्र्यानंतरचे कायदे बदलत गेले, 'सुधारणे' या शब्दाची जागा 'काळजी' या शब्दाने घेतली, पण दैनंदिन कारभारात शिस्तीचा वारसाच अधिक टिकून राहिला, असे म्हणणे भाग आहे.

या इतिहासातील एका व्यक्तीचे आयुष्य इथे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. फुले दांपत्याच्या गृहात आश्रयाला आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, याला त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतले. त्याला घर मिळाले, नाव मिळाले, वारसा मिळाला आणि वैद्यकीय शिक्षणही मिळाले. त्याच्या जन्माची कथा ठाऊक असलेल्या समाजात त्याचा विवाह जमवणे सोपे नव्हते, तेही त्याच्या आईवडिलांनी पार पाडले. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी हडपसर परिसरात रुग्णांसाठी जो दवाखाना चालवला, त्यात डॉक्टर म्हणून काम करणारा यशवंतच होता, आणि त्याच साथीत सावित्रीबाईंचा मृत्यू झाला तेव्हा तो त्यांच्याजवळ होता. एका उदाहरणावरून सिद्धांत मांडता येत नाही, आणि त्या गृहातील इतर मुलांचे पुढे काय झाले याची अशी तपशीलवार माहिती हाताशी नाही; पण शिक्षण, विवाह, व्यवसाय आणि संकट या प्रौढ आयुष्याच्या चारही वळणांवर ज्याच्या पाठीशी आपली माणसे उभी होती, असा हा मुलगा होता. एकविसाव्या शतकातील संशोधन ज्याला 'निरंतर नाते' म्हणते, ते याहून वेगळे नाही.

हे संशोधन आता बरेच पुढे गेले आहे, आणि त्याची सर्वांत हृदयद्रावक प्रयोगशाळा रुमानिया ठरली. चाउशेस्कू राजवटीने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी घातली, दारिद्र्यात मुले जन्मत राहिली आणि १९८९ मध्ये ती राजवट कोसळली तेव्हा एक लाखाहून अधिक मुले सरकारी संस्थांत आढळली. त्यांतील अनेक मुले ब्रिटनमधील कुटुंबांनी दत्तक घेतली, आणि मायकेल रटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १६५ मुलांचा माग थेट प्रौढपणापर्यंत काढला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष चटका लावणारे आहेत. वयाचे सहा महिने होण्यापूर्वी संस्थेतून बाहेर पडलेली मुले पुढे इतर दत्तक मुलांसारखीच वाढली. त्याहून अधिक काळ तिथे राहिलेल्यांची बुद्धी कालांतराने सावरली, पण अवधान टिकवणे, माणसांशी जुळवून घेणे यांतील अडचणी टिकून राहिल्या, आणि चिंता व नैराश्य तर तारुण्यात वाढत गेले. तरीही या दुसऱ्या गटातील सुमारे एक पंचमांश व्यक्तींना प्रौढपणी अशी कोणतीही अडचण नव्हती, हेही त्याच अभ्यासात नोंदलेले आहे.

कारण आणि परिणाम यांच्या गुंत्याचा जो प्रश्न वर आला, त्याचे सर्वांत स्पष्ट उत्तर बुखारेस्ट येथील प्रयोगाने दिले. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात संस्थांतील १३६ तान्ह्या व लहान मुलांतून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निम्मी मुले प्रशिक्षित कुटुंबांकडे सोपवली गेली आणि निम्मी आहे त्या व्यवस्थेत राहिली; नंतर त्यांपैकी कोणालाही कुटुंबात जाण्याची संधी मिळाल्यास ती अडवली गेली नाही. दोन्ही गटांचा पूर्वेतिहास सारखाच असल्याने पुढे दिसलेला फरक संगोपनाच्या पद्धतीचाच होता, असे इथे ठामपणे म्हणता आले. कुटुंबात गेलेली मुले, विशेषतः दोन वर्षांची होण्याआधी गेलेली, जिव्हाळ्याचे नाते जोडण्यात पुढे राहिली. संस्थेत मूल उपाशी राहत नसले तरी पाळ्यांमध्ये बदलणाऱ्या काळजीवाहकांपैकी कोणीही त्याचे होत नाही, आणि रडल्यावर रोज तेच माणूस येते हा अनुभव ज्याला मिळत नाही त्याच्या मेंदूच्या घडणीतच काही उणे राहते, हे या अभ्यासाने दाखवले.

इंग्लंडमधील पुरावा वेगळ्या प्रकारचा आहे. तिथे जनगणनेच्या नोंदी व्यक्तिगणिक जोडून दशकांमागून दशके पाठपुरावा करता येतो, आणि त्यावरून असे आढळले की बालपणी शासकीय देखभालीत राहिलेल्या व्यक्तींना प्रौढपणी अकाली मृत्यूचा धोका इतरांपेक्षा सरासरी ७० टक्क्यांनी अधिक होता. १९७१ च्या जनगणनेतील मुलांबाबत ही तफावत ४० टक्के होती, तर २००१ च्या जनगणनेतील मुलांबाबत ती ३६० टक्क्यांपर्यंत गेली. आणि हे मृत्यू मुख्यतः आत्महत्या, अपघात आणि मनोविकारांशी निगडित कारणांनी झालेले होते. एका श्रीमंत, कल्याणकारी म्हणवणाऱ्या राष्ट्रात इतर मुलांचे आयुर्मान सुधारत असताना ही मुले मागे पडत गेली, ही गोष्ट केवळ खर्च वाढवून प्रश्न सुटेल असे मानणाऱ्यांनी शांतपणे विचारात घ्यावी अशी आहे.

अमेरिकेतील इलिनॉय, विस्कॉन्सिन आणि आयोवा या तीन राज्यांत मार्क कोर्टनी यांनी सातशेहून अधिक तरुणांचा सतराव्या वर्षापासून सव्विसाव्या वर्षापर्यंत केलेला पाठपुरावा महाराष्ट्रासाठी अधिक उपयोगाचा आहे, कारण त्यात अठरा वर्षांच्या मर्यादेचीच तुलना झाली. इलिनॉयमध्ये तरुणांना एकविसाव्या वर्षापर्यंत देखभालीत राहता येत होते, उरलेल्या दोन राज्यांत बहुतेकांना अठराव्या वर्षी बाहेर पडावे लागे. इलिनॉयमधील तरुणांचे महाविद्यालयात जाण्याचे प्रमाण अधिक राहिले. बेघर होण्याचे संकट मात्र तिथे पुढे ढकलले गेले, टळले असे म्हणता आले नाही; सव्विसाव्या वर्षापर्यंत तिन्ही राज्यांतील सुमारे एक तृतीयांश ते निम्म्याच्या जवळपास तरुणांनी कधी ना कधी बेघरपण भोगले होते. केवळ मुदत वाढवून भागत नाही, वाढलेल्या मुदतीत काय दिले जाते हेही तितकेच महत्त्वाचे आहे, हा धडा त्यातून मिळतो. २००८ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने राज्यांना एकविसाव्या वर्षापर्यंत मदत वाढवण्याची वाट मोकळी केली, आणि इंग्लंडने २०१७ च्या कायद्याने अशा तरुणांसाठी पंचविसाव्या वर्षापर्यंत व्यक्तिगत सल्लागाराची सोय केली.

परदेशातील आकडे महाराष्ट्राला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, कारण इथे प्रौढ होण्याची रीतच वेगळी आहे. मराठी घरातला अठरा वर्षांचा मुलगा स्वतंत्र होत नाही, आणि त्याने व्हावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. त्याचे शिक्षण, पहिली नोकरी, खोली, लग्न, पहिले मूल, आजारपण या प्रत्येक टप्प्यावर काका, मामा, आत्या, गावाकडचे घर आणि भावकी कोठे ना कोठे उभी असते. ज्या समाजात प्रौढपणाची उभारणीच नात्यांवर होते, त्या समाजात नाती नसलेल्या मुलाकडून अठराव्या वाढदिवशी स्वतःच्या पायावर उभे राहण्याची अपेक्षा करणे हा अन्याय आहे. संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणाने बहुधा कधी भाजी विकत घेतलेली नसते, कारण भाजी टेम्पोने येते. त्याने गॅस पेटवलेला नसतो, कारण स्वयंपाकघरात मुलांना मज्जाव असतो. त्याच्या बँक खात्याचे व्यवहार अधीक्षकांच्या सहीने झालेले असतात. खोली भाड्याने घ्यायची तर अनामत रक्कम आणि ओळखीचा माणूस लागतो, आणि त्याच्याकडे दोन्ही नसते. कायमचा पत्ता, वडिलांचे पूर्ण नाव, शिधापत्रिका, जातीचा दाखला, अशा रकान्यांपाशी त्याचा अर्ज अडतो. दिवाळीत वसतिगृहाची खानावळ बंद झाली की जायचे कोठे, हा प्रश्न त्याला दरवर्षी नव्याने पडतो.

मुलींची स्थिती याहून बिकट आहे, आणि संस्थांच्या अहवालांत ती सहसा दिसत नाही, कारण तिथे मुलीचा विवाह झाला की पुनर्वसन झाले असे मानले जाते. स्थळ संस्थेनेच पाहिलेले असते, चौकशीही झालेली असते, समारंभाला प्रतिष्ठित मंडळी येतात. पण लग्नानंतर या मुलीला माहेर नसते. पंचमीला, दिवाळीला तिला न्यायला कोणी येत नाही. पहिल्या बाळंतपणाला जायला घर नसते. आणि सासरी मारहाण झाली तर, जिच्या पाठीशी विचारणारे कोणी नाही तिला कोणीही छळू शकते, हे सासरच्यांना पुरते ठाऊक असते. काही संस्था आपल्या मुलींना सणाला बोलावतात, बाळंतपण करतात, जावयाशी बोलतात. त्या हे काम कोणत्याही अनुदानाशिवाय करतात, आणि मुलीच्या पुढच्या आयुष्यावर त्याचा परिणाम प्रशिक्षणवर्गांपेक्षा अधिक होतो, असे मानायला भरपूर आधार आहे.

कायद्याने या काळासाठी 'अनुरक्षण' ही तरतूद केली आहे. संस्थेतून बाहेर पडलेल्या अठरा ते एकवीस वर्षांच्या व्यक्तीला निवारा, शिक्षण, प्रशिक्षण किंवा आर्थिक साहाय्य देणे असा तिचा अर्थ आहे, आणि २०१६ च्या आदर्श नियमांनुसार अपवादात्मक परिस्थितीत ही मदत आणखी दोन वर्षे वाढवता येते. परंतु अधिनियमाच्या ४६ व्या कलमाने ही मदत तरुणाचा हक्क म्हणून दिलेली नाही, ती देणे प्रशासनाच्या मर्जीवर सोपवले आहे, आणि मर्जीवर सोपवलेल्या गोष्टी अंदाजपत्रकात सर्वांत आधी आकसतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. पुण्या-मुंबईत या रकमेत खोली आणि जेवण दोन्ही भागत नाही. २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने अनाथांसाठी शिक्षण व नोकऱ्यांत १ टक्का समांतर आरक्षण दिले, हे देशाला मार्गदर्शक ठरावे असे पाऊल होते, पण आई किंवा वडील हयात असलेल्या मुलाला ते लागू होत नाही, आणि संस्थांतील बहुसंख्य मुले नेमकी तशीच असतात.

कोविडच्या काळात मात्र शासनाने वेगळा विचार करून दाखवला. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या पीएम केअर्स योजनेत साथीमुळे आईवडील गमावलेल्या मुलांसाठी अठराव्या वर्षापासून मासिक विद्यावेतन आणि तेविसाव्या वर्षी दहा लाख रुपये, अशी सोय केली गेली. अठराव्या वर्षी माणूस आधाराविना उभा राहू शकत नाही हे तत्त्व त्यातून शासनानेच मान्य केले, आणि क्षयाने किंवा अपघाताने आईवडील गमावलेल्या मुलाला तेच तत्त्व लागू न करण्याला कोणतेही समर्थनीय कारण नाही.

दिव्यांग मुलांच्या बाबतीत तर अठराची मर्यादा अर्थहीनच ठरते. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी शंभराहून अधिक बेवारस दिव्यांग मुलांना आपले नाव देऊन सांभाळले, आणि अशा मुलांना अठरा वर्षांनंतरही संस्थेतच राहता यावे यासाठी कायदा करावा, अशी मागणी त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ती मागणी मात्र अजून कायद्यात उतरलेली नाही.

या विषयावर लिहिताना दोन मोह टाळावे लागतात. वृत्तपत्रांना आवडणारी जिद्दीची कहाणी, म्हणजे बालगृहातून अधिकारी झालेल्या एखाद्या तरुणाची गोष्ट, खरी असते आणि अभिमानास्पदही असते, पण तिच्या आडून उरलेल्यांच्या अपयशाचा दोष त्यांच्याच माथी मारला जातो. दुसरीकडे, सरासरीचे भयावह आकडे एकेका व्यक्तीचे भविष्य म्हणून वाचले जाण्याचा धोका असतो. हवाई बेटांतील कौआई येथे १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके केलेला अभ्यास इथे मोलाचा आहे : अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम, प्रेमळ प्रौढ झाली, आणि त्यांच्या आयुष्यांत वारंवार आढळलेली गोष्ट म्हणजे आईवडील असोत, आजी असो वा शिक्षक, त्यांच्यावर विश्वास ठेवणारे किमान एक स्थिर माणूस. ही तगून राहण्याची शक्ती काही मुलांना जन्मतः मिळते आणि काहींना नाही, असा तिचा अर्थ लावणे चुकीचे आहे. ती बव्हंशी नात्यांतून येते, आणि नाती ही व्यवस्थेने जोडता येण्याजोगी किंवा तोडता येण्याजोगी गोष्ट आहे.

महाराष्ट्रासह पाच राज्यांतील संस्था सोडलेल्या ४३५ तरुणांशी बोलून तयार झालेला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला 'उदयन केअर' या संस्थेचा अभ्यास हा भारतातील या दिशेचा महत्त्वाचा आरंभ आहे, पण तो एका वेळी टिपलेला आहे. त्याच व्यक्तींना दहा, वीस वर्षांनी पुन्हा भेटणारी व्यवस्था अद्याप उभी राहायची आहे. ती उभी करण्यासाठी मोठा निधी लागत नाही. प्रत्येक जिल्हा बाल संरक्षण कक्षाने बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तरुणाशी, त्याच्या संमतीने, त्याच्या तिसाव्या वर्षापर्यंत वर्षातून एकदा संपर्क ठेवावा आणि त्याला काय लागते आहे ते विचारावे, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. हा ग्रंथ वाचणाऱ्या बालकल्याण समित्यांच्या सदस्यांना, संस्थांच्या विश्वस्तांना आणि अधीक्षकांना विनंती आहे की गेल्या दहा वर्षांत आपल्या संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलामुलींची यादी त्यांनी या वर्षी काढावी, आणि त्यांतील प्रत्येकाला एक फोन करावा.